उंच टाचा आणि पुरुषांचे पाय

चपलांच्या दुकानात आपण पाचवी-सहावी जोडी पायात घालून बघत असतो, आणि यजमान बाकावर बसून घड्याळाकडे बघत असतात. ‘या टाचा घालून तुला चालता तरी येणार आहे का?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बायको विरळाच. पण बाकावरचे सगळेच पुरुष कंटाळलेले असतात असं समजू नका बरं का. एखाद्याची नजर काचेआडच्या तीन इंची काळ्या सँडलवर खिळलेली असते. ती त्याला बायकोसाठी घ्यायची नसते. ती आपल्या पायात कशी दिसेल, तिचा टॉक-टॉक आवाज आपल्या पावलांतून कसा येईल, असं काहीतरी त्याच्या मनात चाललेलं असतं. आणि ते आपण कुणाला, निदान या बाईला तरी, कधीच सांगू शकणार नाही हेही त्याला ठाऊक असतं.

असे पुरुष असतात. नाटकासाठी नव्हे, गंमत म्हणून नव्हे, कुणाची नक्कल करायची म्हणून तर नव्हेच. त्यांना उंच टाचा आवडतात, बस्स. आणि ही काही मुंबई-पुण्याची थेरं नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाईंनी मला सांगितलेली ही हकिगत आहे. नाव-गाव अर्थातच सांगत नाही. दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या गोधड्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जोडी निघाली. मरून रंगाची, बक्कल असलेली, टाच चांगली चार बोटं उंच. ‘‘ताई, मला तर काहीच सुधरंना. पहिलं मनात काय आलं असंल ते तुम्हीच सांगा,’’ त्या म्हणाल्या. दुसरं काय येणार? दुसरी बाई! दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी जोडी पुन्हा काढून नीट पाहिली, तर तळाला नंबर होता नऊ. त्यांचा स्वतःचा पाय पाच नंबरचा. ‘‘नऊ नंबरच्या पायाची बाई आमच्या अख्ख्या गावात नाही हो!’’ हे सांगताना आता त्यांना हसू येत होतं. तेव्हा मात्र पायाखालची जमीन सरकली, कारण त्या घरात नऊ नंबरचा पाय एकाचाच होता.

यजमान सरळमार्गी. नोकरी चांगली, दोन मुलं, सुपारीचंही व्यसन नाही. विचारल्यावर आधी गप्प बसले, मग रडले. लहानपणी मावशीच्या सँडल घालून अंगणात चाललो होतो, तेव्हापासूनची ही ओढ, म्हणाले. घरात कुणी नसलं की अर्धा तास घालायच्या, आरशात पाय बघायचे, पुन्हा गुंडाळून ठेवायच्या. साडी नको, पावडर नको, दुसरं काही नको. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि चौदा वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं होतं.

बाईंनी मला तीन प्रश्न विचारले. हे वेड आहे का? ह्यांना बायको म्हणून मी नकोशी आहे का? आणि पोरांवर काय परिणाम होईल? तिन्ही प्रश्न मला फार महत्त्वाचे वाटतात. पण त्यांच्याकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊ या, कारण ज्या टाचेपायी एवढं रामायण झालं ती मुळात बायकांची नव्हेच!

टाच आली घोड्यावरून

उंच टाचेचा जोडा हा आधी घोडेस्वाराचा. इराणातले स्वार रिकिबीत पाय घट्ट अडकावा म्हणून टाचेचे जोडे घालत. घोडा भरधाव असताना रिकिबीत उभं राहून बाण मारायचा तर पाय निसटून कसं चालेल? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणचे वकील युरोपच्या दरबारांत गेले, तिकडच्या सरदारांनी ते जोडे पाहिले आणि मर्दानी म्हणून उचलले. हो, मर्दानी म्हणून! बायकांनी ते नंतर पुरुषांचं बघून घेतले.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई तर लाल टाचांचाच शौकीन. त्याचं १७०१ सालचं एक प्रसिद्ध चित्र आहे, रिगो नावाच्या चित्रकाराने काढलेलं. राजा पाय पुढे टाकून उभा आहे, पोटऱ्यांवर पांढरे रेशमी मोजे आणि पायांत लाल टाचांचे बूट. त्या काळी लाल टाच हा दरबारातला मान होता. ज्याला चिखलातून चालायचं नाही, नांगर धरायचा नाही, त्यानेच असले जोडे घालावेत. पुढे अठराव्या शतकात पुरुष म्हणजे साधेपणा आणि बुद्धी, बाई म्हणजे नटणं-मुरडणं, अशी वाटणी झाली आणि टाच आपल्या वाट्याला आली. पाठीच्या दुखण्यासकट.

कॅनडात टोरोंटो शहरी जोड्यांचं एक मोठं संग्रहालय आहे. ते उभारलं कुणी, तर बाटा घराण्याने. शाळेत आपण ज्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट खडू लावून चमकवले, तेच बाटा. तिथे २०१५ साली टाचा घालणाऱ्या पुरुषांच्या इतिहासावर एक अख्खं प्रदर्शन भरलं होतं. घोडेस्वारांपासून बीटल्सच्या टाचदार बुटांपर्यंत सगळं त्यात मांडलेलं.

इतक्या लांब कशाला जायचं? कपाटातला जुना अल्बम काढा. सासऱ्यांचा किंवा मामेसासऱ्यांचा १९७५ च्या सुमाराचा फोटो बघा. बेलबॉटमची पँट, मोठ्या कॉलरचा शर्ट, कल्ले कानाखाली उतरलेले. आणि पँटच्या घेराखालून डोकावणारा बूट? त्याला दोन-अडीच इंचांची टाच असायची! तेव्हा सगळे कॉलेजकुमार असले बूट घालून हिंडत, आणि कुणाच्या आईने डॉक्टर गाठल्याचं ऐकिवात नाही. फॅशन आहे म्हटलं की सगळं चालतं.

टाळ्या वाजवणारे आणि दगड मारणारे

आपल्या मराठी माणसाला तर पुरुषाने बाईचा साज चढवणं मुळीच नवं नाही. बालगंधर्वांचं नाव घेतलं की अजूनही जुन्या बायका हात जोडतात. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८ चा. त्या काळी कुलीन घरच्या बायकांनी रंगभूमीवर पाऊल टाकायचं नाही, म्हणून भामिनी, रुक्मिणी, सिंधू या सगळ्या त्यांनीच उभ्या केल्या. आणि गंमत बघा, लुगडं कसं नेसावं, अंबाडा कसा घालावा, पदर किती घ्यावा, हे पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका त्यांचं बघून शिकत होत्या! बाईपणाचा धडा एक पुरुष देत होता, आणि नवरे आपल्या बायकांना हौसेने तो बघायला नेत होते.

मला मात्र एक गोष्ट नेहमी टोचते. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. तरी त्यांनी प्रयोग केला. त्यांच्या निष्ठेची ही कथा आपण शंभर वेळा ऐकली आहे. पण घरी बसलेल्या लक्ष्मीबाई? त्या लेकराची आई? अख्खा महाराष्ट्र ज्याच्या पैठणीवर भाळला होता त्याची बायको असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी विचारलं असेल का? २०११ साली सुबोध भावे यांचा ‘बालगंधर्व’ चित्रपट आला तेव्हा तो बघताना माझं लक्ष सारखं लक्ष्मीबाईंकडेच जात होतं. ट्रंकेतली जोडी सापडलेल्या त्या बाईंची आणि लक्ष्मीबाईंची जात एकच. नवऱ्याच्या नटण्याचं काय करायचं हे ज्यांना कुणी शिकवलं नाही, त्यांची.

बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं. गणपत पाटलांच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. कोल्हापूरचे हे गुणी नट तमाशापटांतल्या नाच्याच्या भूमिकेने घराघरांत पोचले. कंबरेत लचकणं, हाताचा तो मुरका! लोक पोट धरधरून हसले. पण हसणाऱ्यांनी त्यांना पडद्याबाहेरही तसंच समजायला सुरुवात केली. संसारी, मुलाबाळांचा माणूस, पण आपण तसे नाही हे आयुष्यभर सांगत बसण्याची पाळी त्यांच्यावर आली. २००८ साली ते गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी आनंद यादवांच्या कादंबरीवरून काढलेला ‘नटरंग’ आला. त्यातला गुणा हा पहिलवानी अंगाचा गडी, फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो आणि घरदार गमावून बसतो. शेजारच्या बायका डोळ्यांना पदर लावून बघत होत्या. त्यांतल्या किती जणींनी गल्लीतल्या बायकी चालीच्या पोराला नावं ठेवायचं सोडलं, ते विचारू नका.

आणि बीड जिल्ह्यातल्या भगिनींनी तर हे दारातच पाहिलेलं असतं. नवरात्रात अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला गर्दी लोटते, तुळजापूरच्या वाटा माणसांनी भरतात. त्यात आराधी असतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, पेटलेला पोत. त्यांतले काही पुरुष लुगडं-चोळी नेसलेले, कपाळावर मळवट भरलेला. ‘उदे गं अंबे उदे’ म्हणत ते दारात उभे राहिले की आपली सासू पीठ-मीठ घेऊन लगबगीने जाते, परडी भरते, वाकून पाया पडते. कुणी हसत नाही. देवीचं आहे म्हटलं की पुरुषाच्या अंगावरचं लुगडं पवित्र होतं. आराध्याचं ते व्रत आहे, हौस नव्हे. दोन्ही एकच असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण आपल्या डोळ्यांना हे दृश्य परकं नाही एवढं तरी कबूल करू या. देवाच्या नावाने चालतं, नाटकाच्या नावाने चालतं, फॅशनच्या नावाने चालतं. एखादा नुसताच ‘मला आवडतं’ म्हणाला की मात्र चालत नाही.

त्या तीन प्रश्नांकडे वळू या

हे वेड आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत अशा कपड्यालत्त्याच्या ओढीला विकारांमध्ये जागा होती. यादीची अकरावी आवृत्ती २०१९ साली मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातून ते नाव काढून टाकलं आहे. तेव्हा अंगारा-धुपारा नको, मांत्रिक नको, आणि ‘शॉक देऊन बरं करतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या दवाखान्याची पायरी चढू नका. माणूस स्वतःच या गोष्टीने कासावीस झाला असेल, झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर न्यावं. पण ते मनावरचा भार उतरवण्यासाठी. टाचांची आवड काढून टाकण्यासाठी नव्हे.

ह्यांना मी नकोशी आहे का? इथे आपण तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधतो आणि घोटाळा होतो. पायात काय आवडतं ही एक गोष्ट. मन कुणावर जडतं ही दुसरी. आणि आपण आतून स्त्री आहोत की पुरुष, ही तिसरी. तिसऱ्या गोष्टीचं बीडमधलंच उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. माजलगावच्या पोलीस ठाण्यात महिला शिपाई म्हणून काम करणाऱ्या ललिता साळवे यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, प्रकरण मुंबईत मंत्रालयापर्यंत गेलं, आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन ते ललित साळवे झाले. २०२० साली त्यांचं लग्न झालं. तो एका माणसाच्या अवघ्या असण्याचा प्रश्न होता. ट्रंकेत मरून सँडल ठेवणाऱ्या नवऱ्याचा प्रश्न तो नव्हे. त्याला पुरुषच राहायचं आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं मन बायकोवरच असतं.

मूळचे अमेरिकन पण जर्मनीत राहणारे मार्क ब्रायन म्हणून एक इंजिनियर आहेत. साठी उलटलेले. वर शर्ट-टाय, खाली स्कर्ट आणि चार इंची टाचा घालून ते कामावर जात, म्हणून त्यांचे फोटो जगभर छापून आले. बायको आहे, मुलगी आहे. कशावर काय शोभेल ते बायकोही सांगते म्हणे! आपल्याकडे एखाद्याने उद्या असं कचेरीत जावं असं मी सुचवत नाही. कायद्याची आडकाठी नाही, पण गल्लीतली टवाळ पोरं कायदा वाचून येत नाहीत.

एक मात्र खरं, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही पुरुषांच्या बाबतीत टाचांची ही आवड शृंगाराशी निगडित असते. काहींच्या बाबतीत तसं काही नसतं. उंच झाल्यासारखं वाटतं, चाल बदलते, पोटऱ्यांवरचा ताण बरा वाटतो, एवढंच. आपल्या घरात यातलं कुठलं आहे हे विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारा. आणि तुम्हाला जे नको असेल ते स्पष्ट सांगा. नवऱ्याच्या आवडीला समजून घेणं म्हणजे आपल्या मनाविरुद्ध शेजघरात तिला जागा देणं नव्हे. तुमच्या चपला न विचारता घालून त्यांचे पट्टे तोडणं, घरखर्चाला हात लावून जोड्या आणणं, खोटं बोलणं, यांबद्दल रागावण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे. त्या बाईंनाही सँडलपेक्षा चौदा वर्षं लपवल्याचंच दुःख जास्त होतं. ‘‘मी काय ह्यांना खाल्लं असतं का?’’ त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आपण खाल्लं नसतं, पण खाऊ अशी भीती त्यांना वाटली, हेही विसरून चालणार नाही.

मुलांचं म्हणाल तर आई-वडिलांच्या पायांत काय आहे यावरून मुलं बिघडत नाहीत. रोजच्या भांडणांनी आणि बंद दारामागच्या कुजबुजीने मात्र बिथरतात. सांगायचं की नाही हे दोघांनी मिळून ठरवावं. लहान पोराने बघितलंच तर ‘बाबांना आवडतं’ एवढं उत्तर पुरतं. सासूबाईंना सांगायलाच हवं असं काही नाही. त्यांना आपण कुठे सगळं सांगतो?

त्या घरात पुढे काय झालं, असं तुम्ही विचारालच. फार काही नाही. जोडी ट्रंकेतून कपाटात आली, खालच्या खणात. मुलं शिकवणीला गेली की अर्धा तास. बाई म्हणतात, ‘‘मी स्वयंपाकघरात असते. बघायला बोलवू नका म्हणून सांगितलंय. अजून माझी तयारी नाही.’’ मला हा तह फार शहाणपणाचा वाटला.

आता थोडं पायांविषयी

विचित्रच आहे जगाची रीत. जपानमध्ये २०१९ साली नोकरदार बायकांनी कचेरीत उंच टाचांची सक्ती नको म्हणून चळवळ केली. पाय सुजतात, रक्त येतं, तरी घाला, हे त्यांनी का ऐकावं? आणि त्याच वेळी कुठेतरी कुणी पुरुष दार लावून त्याच टाचा घालत असतो. सक्ती नसली की त्याच वस्तूची हौस होते. पण शरीर हौस आणि सक्ती यांत फरक करत नाही, म्हणून दोघांनाही लागू पडणारी माहिती देते.

टाच जितकी उंच, तितका अंगाचा भार चवड्यावर येतो. बोटं पुढे घसरून चेपतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढू लागतं, पोटरीच्या शिरा आखडतात. पुरुषाचं वजन बहुधा जास्त, तेव्हा त्रासही जास्त. सुरुवात दीड-दोन इंचांच्या रुंद, चौकोनी टाचेने करावी. पेन्सिलीसारखी टाच नंतर. घोट्याला पट्टा हवा. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. काढल्यावर भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यावा, टाच जमिनीला टेकवून वीस-तीस आकडे मोजावेत, म्हणजे पोटरी मोकळी होते. मधुमेह असलेल्यांनी, पायांना मुंग्या येणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये; एक फोड महिनाभर निजवतो. आणि आपल्याकडच्या घरांत शहाबादी फरशी असते, ती ओली असताना टाचा घालून चालणं म्हणजे कंबरडं मोडून घेणं आहे. सतरंजी अंथरावी. आवाजही कमी होतो.

नंबराची अडचण मोठी असते. बायकांच्या तयार जोड्या आपल्या बाजारात बहुधा आठ नंबरपर्यंतच येतात, आणि आठाची लांबी पुरली तरी त्या अरुंद साच्यावर बेतलेल्या असल्याने पुरुषाचा पंजा आत मावत नाही. ओढूनताणून घातली तर करंगळी सोलते. त्यापेक्षा ओळखीच्या चांभाराकडून किंवा नाटकांचे जोडे करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावी. माप संध्याकाळी द्यावं, तेव्हा पाय थोडा पसरलेला असतो. कागदावर उभं राहून दोन्ही पायांची रेघ काढावी, कारण दोन पाय सारखे नसतात, आणि पंजाचा रुंद भाग फितीने वेगळा मोजावा. टाचेखाली रबर लावून घ्यायला विसरू नये. ते झिजलं की लगेच बदलावं, नाहीतर आतला खिळा फरशीवर ओरखडे काढतो आणि मग पुसत आपल्यालाच बसावं लागतं.